बेगड लावलेला राखणदार

मी निकिताच्या रुखवतात आलेला संगणक बोलतोय. हसू नका. आकारानं पत्त्याच्या पानाएवढा असलो तरी संगणकच आहे. मला पडदा नाही, बटणं नाहीत. एक हिरवी पाटी, कडेला वायरी लावायच्या खाचा आणि कॅमेऱ्याचा एक डोळा, एवढाच माझा संसार. पदविकेच्या शेवटच्या वर्षी निकितानं मला घेतलं आणि लग्नात मोत्यांचा कलश नि भरतकामाचा रुमाल यांच्या मधोमध मांडलं. "हे खायाचं हाय का भिंतीला लावायचं?" असं एका बाईनं विचारलं, तेव्हा मला भारी राग आला होता.

लग्नानंतर ईट गावाजवळच्या वस्तीवर आलो आणि सहा महिने कपाटात पडून राहिलो. कलश निदान गुढीपाडव्याला बाहेर निघाला. मला कोणी विचारलंही नाही.

मला बाहेर काढलं ते कवडीमुळं. कवडी म्हणजे निकिताच्या सासऱ्यांची, बब्रुवानमामांची गाय. गेल्या साली ती व्यायली तेव्हा मामा भूमच्या बाजाराला गेले होते. वासराचा पाय आत मुडपला होता आणि हात लावायला गोठ्यात कुणी नव्हतं. मामा परतले तोवर वासरू गार पडलं होतं. त्या दिवसापासून मामांनी बाजार सोडला. मिठाची पुडीसुद्धा शेजाऱ्याकडून आणवत.

यंदा कवडीचे दिवस भरत आले आणि नेमका लांबच्या रानातला उडीद काढणीला आला. घरात माणसं मोजकी. निकिताचा नवरा शिवराज टँकरवर, सासूबाई सत्यभामा गुडघ्यानं जायबंदी. मग निकितानं मला प्लास्टिकच्या डबीत बसवून गोठ्याच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, ठोकलं. मी घरातल्या वायफायवरून गोठा दाखवायचा आणि मामांनी तो रानात फोनवर बघायचा, असा बेत. पहिल्या दिवशी मामांनी उडीद कमी काढला आणि फोनच जास्त बघितला. "उभी हाय. आता बसली. रवंथ करती बघ!"

मग पोळा आला. मामांच्या दावणीला आता बैल नाहीत. बेगडाचे चकचकीत कागद मात्र ते सवयीनं आणवतात. कवडीची शिंगं मढवली, ट्रॅक्टरला पट्टी लावली आणि माझ्यासमोर येऊन थांबले. "तू बी राबतोस की गड्या," असं म्हणून उरलेलं सगळं बेगड माझ्या डबीवर चारी बाजूंनी चिकटवलं, फक्त डोळा तेवढा मोकळा ठेवला. खरं सांगतो, रुखवतातला अपमान त्या दिवशी धुऊन निघाला. मी इतका फुगलो, की घराशी जोडणी तुटली हे मला जरा उशिराच कळलं.

संध्याकाळी निकितानं फोन उघडला, तर गोठा दिसेना. तिनं घरातला राउटर बंद करून चालू केला. पासवर्ड पुन्हा घातला. माझा चार्जर कमजोर असेल म्हणून दुसरा जोडला. मी जिवाच्या आकांतानं हाका मारत होतो, पण एकही घरापर्यंत पोचत नव्हती. कशामुळं, ते मलाही उमगेना.

दुसऱ्या दिवशी तिनं मला डबीतून काढून घरात टीव्हीला जोडलं. मी क्षणात जोडला गेलो. ती आनंदानं मला परत डबीत घालून मेढीवर ठेवून आली आणि मी पुन्हा मुका. अंतर जास्त पडतंय म्हणावं, तर तिच्या फोनला माझ्या शेजारी वायफायची पूर्ण रेंज. म्हणजे खोट माझ्यातच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा कवडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "उडदाच्या शेंगा तडकाया लागल्यात, पोरी. उद्यापतूर जमलं तर बघ. न्हायतर रानातलं रानात ऱ्हाऊ दे, म्या हितंच बसतो. औंदा तिला एकटी सोडायची न्हाय."

"जमंल, मामा. कसं जमत न्हाय तेच बघते."

सकाळी ती गोठ्यातच फतकल मारून बसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं तिनं ठरवलं होतं. चार्जर बदलला, फरक नाही. माझं मेमरी कार्ड नव्यानं भरलं, फरक नाही. डबीचं झाकण काढलं आणि मी जोडला गेलो. झाकण लावलं, तुटलो. काढलं, जोडलो. पुन्हा लावलं, तुटलो. ती झाकणाकडं बघत राहिली. चकाकत होतं ते.

"मामा," ती हळूच म्हणाली, "ह्या बेगडात धातू असतोय. त्यातनं ह्याची लहर भायेर पडत न्हाय."

मामांचा चेहरा उतरला. "म्हंजी म्याच मुसकं बांधलं व्हय ह्याला?"

"तुमी मान दिला, मामा."

"तसला मान काय कामाचा! सर. म्या लावलंय, म्याच काढतो." नखानं कोपरा उचलून त्यांनी सगळं बेगड सोलून काढलं. माझा हिरवा दिवा लुकलुकला आणि मामांनी खिशातून काढलेल्या फोनवर कवडी दिसली.

तिसऱ्याच दिवशी भर दुपारी कवडी उठबस करायला लागली. रानात मामांनी फोन बघितला, विळा तिथंच टाकला आणि धावत सुटले. मागून निकिता. वासराचा एक पाय यंदाही आत मुडपलेला होता. मामांनी हात घालून तो सरळ केला आणि दोघांनी मिळून वासरू ओढलं. ते शिंकलं, तेव्हा मामा शेणातच बसून रडले. मी सगळं पाहिलं.

आता माझ्या डोळ्याभोवती कोळ्यांनी जाळी धरलीत आणि डबी धुळीनं मळलीय. ते सोललेलं बेगड मामांनी माझ्याखालच्या खुंटीला गुंडाळलंय. माझी विनंती एवढीच, की मला सजवायचं तर खुंटी सजवा, माझं डोकं मोकळं राहू द्या.

आज बाजारवार आहे. सकाळी मामांनी पिशवी झटकली, वासराला कुरवाळलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "येतो रं, ध्यान ठेव." आता ते भूमला असतील. गोठ्यात कुणी नाही. दर थोड्या वेळानं बाजारातून कुणीतरी फोनवर गोठा उघडून बघतंय, आणि प्रत्येक वेळी मी तो दाखवतोय.