लताबाईंचं कच्चं ताट

फैजपूरच्या लताबाई चौधरींच्या हातचं भरीत ज्याने खाल्लं नाही त्याचा हिवाळा फुकट गेला, असं लताबाईंचं स्वतःचं मत होतं आणि ते खोडून काढायची गावात कोणाची छाती नव्हती. पण ऐन दिवाळीत लेकीच्या लग्नाची बोलणी घरापर्यंत आली आणि नेमकं हे भरीतच कुचकामी ठरलं. वांगं, लसूण आणि कांद्याची पात. येणारे पाहुणे ज्या तीन गोष्टींना हात लावत नाहीत त्या तिन्ही एकाच पातेल्यात.

लेक नूतनने पसंत केलेला मुलगा धुळ्याचा, मारवाडी जैन घरातला. अनुज त्याचं नाव. दोघं जळगावला इंजिनिअरिंगला एका वर्गात होते, आता पुण्यात नोकरीला होते. मुलात खोट काढायला लताबाईंनी चार महिने घालवले आणि शेवटी तो नाद सोडला. अनुजच्या वडिलांचं, ज्ञानचंदजींचं, धुळ्यात कापडाचं दुकान; माणूस मोकळा, त्यांची हरकत नव्हती. घोडं अडलं होतं आईपाशी. हीराबाई हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. दिवाळी उलटून आठवडा झाला की रविवारी चार वाजता घर बघायला येऊ, एवढाच निरोप आला. अनुजने नूतनच्या कानात एक गोष्ट घातली होती. आई ज्या घरात मनापासून चार घास खाते त्या घराला ती कधी नाही म्हणत नाही.

म्हणजे लेकीचं लग्न आता चार घासांवर आलं. आणि घास घालायचे कोणी, तर लताबाईंनी. त्यांना हे आव्हान आवडलंच. त्यांनी शेवभाजी सुचवली. नूतन म्हणाली, कांदा-लसूण. त्यांनी वरण-बट्टी सुचवली. नूतन म्हणाली, फोडणीत लसूण. मग फोडणीतून लसूण काढू, असं लताबाई छातीवर दगड ठेवून म्हणाल्या, तर नूतन म्हणाली की लसूण काढला तरी कढईला वीस वर्षांचा वास आहे, तो कसा काढणार. लताबाईंनी कढई उचलून हुंगून पाहिली आणि परत खाली ठेवली.

शेवटी नूतनने मोबाइल पुढे केला. त्यात एका मोठ्या थाळीत कच्च्या भाज्या चिरून, रंगारंगांनी मांडलेल्या होत्या आणि मध्ये वाट्यांमध्ये बुडवून खायला दाटसर चटण्या होत्या. पुण्यात सणासुदीला घरी पाहुणे आले की हल्ली हेच करतात, असं नूतनचं म्हणणं. तिचा हिशोब सरळ होता. शिजवायचं नाही, तळायचं नाही, म्हणजे कढई नाही, तेल नाही आणि शंकेला जागा नाही. कोणीही बिनधास्त उचलावं.

लताबाईंनी तो फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"आपन गाईपुढे टाकतो ते व्याह्यापुढे ठेवू?" त्या म्हणाल्या. "लोकं थुंकतीन माह्या तोंडावर."

पण दुसरा इलाज नव्हता. मग तीन दिवस घरात जी धामधूम झाली ती लग्नघरात होत नाही. माळ्यावर टांगलेल्या लसणाच्या जुड्या रातोरात नव्हे, भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत शेजारच्या कुंदाबाईंकडे मुक्कामाला गेल्या. "लसनाले सुतक लागलं का व?" असं कुंदाबाईंनी विचारलंच. मिक्सरचं भांडं लिंबू लावून तीनदा घासलं. बटाटा, गाजर, मुळा, बीट ही मंडळी जमिनीखालची म्हणून बाद झाली. फ्लॉवर अळीच्या संशयावरून बाद झाला. उरल्या काकड्या, टोमॅटो, कोवळ्या शेंगा, मक्याचे दाणे, आणि नूतनने जळगावहून आणलेल्या लाल-पिवळ्या सिमला मिरच्या. लताबाईंचे यजमान लीलाधरभाऊ केळीवाले. त्यांनी या सगळ्यात एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांना बजावलं होतं. पाहुण्यांपुढे केळीच्या भावाचं पुराण लावायचं नाही, हे तर दोनदा बजावलं होतं.

रविवारी दुपारी नूतन पितळी परातीत भाज्या मांडायला बसली. तिने काकडीचे काप एका बाजूला लोटले, टोमॅटो दुसऱ्या बाजूला, आणि लताबाईंना बघवेना. तीस वर्षं दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई ती. त्यांनी परात स्वतःकडे ओढली, सगळं उपसलं आणि पहिल्यापासून मांडलं. बाहेरून शेंगांची कड, आत काकडीच्या पाकळ्या, पाकळीच्या पोटात टोमॅटोची फोड, लाल आणि पिवळ्या मिरचीचे उभे काप आलटून पालटून, मधल्या फटीत मक्याचे दाणे एकेक करून. मध्यभागी तीन वाट्या: टांगलेल्या दह्यात वाटलेला पुदिना, भाजलेल्या टोमॅटोचं चाटण, आणि भाजलेले शेंगदाणे, तीळ, लाल मिरची चिंचेच्या कोळात वाटून केलेली चटणी. या शेवटच्या चटणीत लसूण नाही म्हणून लताबाईंनी ती चाखलीसुद्धा नव्हती. उगीच मन खराब होईल.

दीड तासाने त्या उठल्या तेव्हा परातीत दिवाळी उतरली होती. कुंदाबाई फोटो काढून गेल्या. गाईपुढचा चारा वगैरे शब्द आता त्या घरात कोणी काढला असता तर त्याची धडगत नव्हती.

पाहुणे सव्वाचारला आले. ज्ञानचंदजी हसतमुख, अनुज घामेजलेला, आणि हीराबाई सडपातळ, शांत, हातात उकळलेल्या पाण्याची स्वतःची बाटली घेतलेल्या. चहा त्यांनी चातुर्मासात सोडला होता. लताबाईंनी परात आणून मधोमध ठेवली. ज्ञानचंदजी वाहवा म्हणाले. हीराबाईंनी पुढे झुकून ती रांगोळी नीट पाहिली आणि फार सुरेख आहे म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. मग त्या मागे टेकून बसल्या.

पाच मिनिटं गेली. अनुजचा हात काकडीकडे निघाला, आईने नुसतं पाहिलं, आणि तो हात वाटेतच वळून चष्मा पुसायला लागला. अर्धा तास गेला. घराची चौकशी झाली, पुण्याच्या पावसाची झाली, आणि विषय संपले तेव्हा लीलाधरभाऊंनी केळीचा भाव काढलाच. परातीतली एकही पाकळी हलली नव्हती.

लताबाई आत गेल्या. ओट्याला हात टेकून त्यांनी सगळं मनात घोळवलं. परात चिंचेने घासली होती. सुरी नवी होती. वास? त्यांनी भिंतीला नाक लावून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा त्यांना संताप आला. नूतनचा चेहरा त्यांना बाहेरून येतानाच दिसला होता; पोरगी परातीकडे बघत होती आणि ओठ चावत होती. मनात ठेवून कुढणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या बाहेर आल्या आणि हीराबाईंच्या समोरच बसल्या.

"माह्या घरात काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. "सांगा मोकळं. मले वाईट नाही वाटनार."

वाईट वाटणारच होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

"नाही हो," हीराबाई म्हणाल्या. "आज आठम आहे, अष्टमी. आठमीला आम्ही हिरवं खात नाही. भाजी नाही, फळ नाही, चटणीतला पुदिनासुद्धा नाही."

नूतनने अनुजकडे पाहिलं. अनुज छताकडे पाहू लागला. पुण्यात राहून त्याच्या तिथी केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. तीन दिवस घरातल्या सगळ्यांनी कंदमुळं शोधून शोधून हाकलली, अळीच्या मागे लागले, लसूण हद्दपार केला, पण भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे मान वर करून कोणी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं असतं तरी त्यातून काय बोध झाला असता, हेही खरंच.

लताबाईंना मात्र भलतीच काळजी लागली. सूर्य बुडाल्यावर ही माणसं खात नाहीत, एवढं त्यांना नूतनने पढवलेलं होतं. धुळे तीन तासांवर. म्हणजे ही बाई आता उठली की उद्या सकाळपर्यंत उपाशी. चौधरींच्या घरून माणूस उपाशी गेलेलं अजून झालेलं नव्हतं. मग रात्री काय करणार, असं त्यांनी विचारलं.

"एक रात्र तर आहे," हीराबाई म्हणाल्या. "सवय असते."

तेवढ्यात लीलाधरभाऊंनी तोंड उघडलं.

"केळं चालतं का?"

लताबाईंनी डोळे वटारले. फैजपुरात पाहुण्यापुढे केळं ठेवणं म्हणजे नळाचं पाणी ठेवणं. पण ज्ञानचंदजी म्हणाले, "केळं चालतं की. आमच्या घरात चालतं."

"कच्चं?"

"कच्चंही चालतं."

"पन ते त् हिरवंगार असते," लताबाईंच्या तोंडून निघून गेलं. यावर ज्ञानचंदजींनी खुलासा केला की त्यांच्या आजोबांच्या काळापासून चालत आलं आहे, का ते कोणी विचारलेलं नाही, आणि आपणही विचारू नये. विचारलं तर बंद व्हायचं. हीराबाई पहिल्यांदा हसल्या.

मग घर उठलं. लीलाधरभाऊ परसातून कच्च्या केळ्यांची फणी घेऊन धावत आले, आणि एवढं धावताना त्यांना लताबाईंनी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. ज्ञानचंदजींनी मोबाइलवर पाहून जाहीर केलं की सूर्यास्त पावणेसहाला, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं. लताबाईंनी धनत्रयोदशीला घेतलेली स्टीलची कढई कपाटातून काढली. तिचं लेबलसुद्धा निघालेलं नव्हतं. तेलाची पिशवी नवी फोडली. किसणीचा प्रश्न आला, कारण तिने आयुष्यभर बटाटा आणि कांदाच पाहिला होता. त्या हातात किसणी घेऊन उभ्या राहिल्या आणि मागून हीराबाईंचा आवाज आला की सुरी द्या, मी करते.

आणि त्या पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात आल्या. जिथून तीन दिवस लसूण पळवला होता त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी केळं सोलायला घेतलं, तसा लताबाईंनी त्यांचा हात धरला. चिकाने बोटं काळी पडतील, म्हणाल्या, आणि तेलात बोटं बुडवून हीराबाईंचे दोन्ही तळवे चोळून दिले, लहानपणी नूतनचे चोळायच्या तसे. हीराबाईंनी ते गुपचूप करू दिलं. मग त्यांनी कढईवरच केळं धरून असे पातळ काप सोडले की लताबाई झारा हातात घेऊन बघत राहिल्या. दारातून ज्ञानचंदजी वीस मिनिटं, पंधरा मिनिटं असं ओरडून सांगत होते आणि त्याची काहीही गरज नव्हती.

पहिला घाणा निघाला. मीठ भुरभुरलं. बसायला वेळ नव्हता. सगळे ओट्याभोवती उभ्यानेच खाऊ लागले. परातीतल्या तीन वाट्यांपैकी दाण्याची तेवढी चालणारी होती, ती नूतनने उचलून आणली. हीराबाईंनी काप तिच्यात बुडवला, खाल्ला, दुसरा बुडवला, तिसरा बुडवला.

"यात लसूण नाही?" त्यांनी विचारलं.

नाही, असं लताबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच स्वतः चाखून पाहिली. चटणी उत्तम झाली होती. हे त्यांना मुळीच आवडलं नाही, पण त्यांनी अजून एक काप बुडवला.

पुरुषमंडळी आपापली ताटली घेऊन ओसरीवर गेली, नूतन पाणी द्यायला त्यांच्या मागे गेली. कढईपाशी दोघीच उरल्या. हीराबाईंनी हातातला काप ताटलीत ठेवला.

"लताबाई, तुम्ही मोकळं विचारलंत, म्हणून सांगते. रविवार मीच ठरवला होता. आठम बघून ठरवला." त्यांचा आवाज खाली आला. "खायचं नाही, म्हणजे हो म्हणायचा प्रश्न नाही. पाणी पिऊन उठायचं, असं मनात होतं."

लताबाईंना राग आला. खरंच आला. तीन दिवसांचं घासणं, चिरणं, एकेक मक्याचा दाणा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. ही बाई ताटात काय असेल ते न बघताच नाही म्हणायला आली होती. पण तोंडावर नाही म्हणवत नव्हतं म्हणून सकाळपर्यंत उपाशी राहायला निघाली होती, हेही त्यांना दिसलं. आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही असलंच काहीतरी केलं असतं, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

"अन् आता?" त्यांनी विचारलं.

हीराबाईंनी दारातून बैठकीतल्या परातीकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "आता तुम्ही धुळ्याला या. अशी तिथी नसलेला दिवस मी बघते. आमच्या सगळ्या गोतावळ्याला बोलावते. ते ताट मात्र तिथे तुम्हीच मांडायचं, माझ्या सुनेला ते जमणार नाही. मांडता मांडता ती दोनदा टोमॅटो खाईल."

दाराआड कोणीतरी जोरात श्वास घेतला आणि पेला खाली पडून घरंगळत गेला.

लताबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं, झाऱ्याने कढईतले उरलेले सगळे काप उपसले आणि हीराबाईंच्या ताटलीत ओतले.

"सूर्य बुडायले अजून चार मिनिटं हायेत, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "आधी हे संपवा."