मऊ गोळ्यांची बरणी

मी बरणी बोलतेय. काचेची, पत्र्याच्या लाल झाकणाची, केशरबाईच्या दुकानात पुढच्या फळीवर उभी असते ती. प्लास्टिकच्या बरण्यांत मला मोजू नका. त्यांना कुणीही एका हातानं उचलावं आणि कुठंही ठेवावं. मला दोन्ही हातांनी धरावं लागतं. माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, हेही आधीच सांगून ठेवते. का बसत नाही, तेच सांगायला तोंड उघडलंय.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला ठाऊक नाही. लाल जाळ तेवढा आठवतो. मग भुसा भरलेलं खोकं, आणि एकदम शेवगावचा बाजार. तिथं केशरबाईनं मला उचललं, बोटानं वाजवलं, उजेडाकडं धरून तडा शोधला, आणि विकणाऱ्याला म्हणाली, "आधी पानी वत हिच्यात. गळती हाय का बघू." पाणी ओतलं, पुसून कोरडं फडकं खाली धरलं, तेव्हा कुठं मी तिच्या पिशवीत गेले. बाई माझ्याच जातकुळीची निघाली.

तिचं गाव शेवगावापासून जवळच. नवरा शेतात, आणि घराच्या पुढच्या खोलीत हिचं दुकान. माझ्यात आधी लिमलेटच्या गोळ्या आल्या. मग शेंगदाण्याची चिक्की, मग राजगिऱ्याच्या वड्या. चिक्कीत शेंगदाणा दिसतो, गूळ हाताला लागतो. कुणी काही विचारत नव्हतं, मलाही विचारावंसं वाटलं नाही.

समोरच्या घरात मनकर्णा राहते. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं नाव नाही. तिची नात दिशा, तिच्याही गळ्यात माळ. बेकरीचा केक त्या पोरीनं लांबूनच बघितलेला. जत्रेतला खाऊसुद्धा मनकर्णा हातातून काढून घ्यायची. तिला चालायचं ते फक्त केशरबाईच्या दुकानातलं. "केशरचं दुकान म्हंजी माझंच सैपाकघर," असं ती चारचौघींत सांगायची. ते ऐकून केशरबाई पदर सावरायची आणि उगीच माझं झाकण पुसायची.

मग एके दिवशी टेम्पोतून त्या रंगीत, मऊ गोळ्या आल्या. पोरं त्यांना जेली म्हणत.

"ह्यात काय असतंय रं?" केशरबाईनं टेम्पोवाल्याला विचारलं.

"साखर, मावशी. साखर आन् रंग."

"मऊ कशानं झाल्यात?"

"मशीननं."

झालं! मला विकत घेताना पाणी ओतून बघणारी बाई, पण "मशीननं" म्हटल्यावर गप बसली. मशीन म्हटलं की आमच्याकडं सगळ्यांचीच तोंडं मिटतात. तिनं पाकिटं फाडली, गोळ्या माझ्यात ओतल्या, आणि रिकामी पाकिटं पाणी तापवायच्या बंबात घातली. सगळेच दुकानदार असंच करतात. सुटं विकायचं तर पाकीट कशाला ठेवायचं?

मला मात्र त्या गोळ्या पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. लिमलेट पडली की खणकन वाजते. ह्या पडल्या तर आवाजच नाही. आवाज न करता आत शिरणाऱ्याचा मला संशय येतो. चैत्रातल्या उन्हात तर त्या वितळून एकमेकींत मिसळल्या आणि माझ्या बुडाला लाल-हिरवा गोळा होऊन बसल्या. केशरबाईनं उलथन्यानं वरचं खरवडलं, उरलं ते तसंच राहू दिलं, आणि वर नवीन गोळ्या ओतल्या. दिशा रोज शाळेतून आली की हात पुढं करायची, आणि केशरबाई तिला एक जास्तीची द्यायची.

पुढं मनकर्णाची सून पंकजा नगरला गेली होती. तिथल्या मोठ्या दुकानातून तिनं तसल्याच गोळ्यांचं बंद पाकीट आणलं. सासूला घेऊन ती थेट आमच्या दुकानात आली आणि पाकीट पालथं करून माझ्याशेजारी आपटलं.

"काकू, ही विटकरी खूण बघा. मांसाहाराची हाय. ह्यात जिलेटीन असतंय. जनावराच्या हाडाकातड्याचं करत्यात ते."

केशरबाईनं पाकीट बघितलं, मग मला बघितलं.

"केशर," मनकर्णा म्हणाली, "तुझ्या पाकिटावर कंची खूण हुती?"

केशरबाईची नजर बंबाकडं गेली. "जळली."

"माझी नात वरीसभर खाती हाय तुझ्या हातचं."

एवढंच बोलून मनकर्णा गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती मिठाच्या पुड्यालासुद्धा वेशीपलीकडच्या दुकानात जायला लागली, तेही आमच्या दारावरून, मान सरळ ठेवून.

केशरबाईला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग तिनं मला गोळ्यांसकट टॉवेलात गुंडाळलं आणि शेवगावची एसटी धरली. माल ज्याच्याकडून यायचा त्या ठोक व्यापाऱ्याचं नाव हनुमंत. त्याच्या गल्ल्यापुढं मला ठेवून ती म्हणाली, "हनुमंता, ह्यात हाडं हायेत का?"

तो हसला. "मावशी, मऊ पायजे का शाकाहारी पायजे? दोनी एकदम मागितलं तर कसं व्हायचं?"

"मला खरं पायजे. बोल."

त्यानं तीन पाकिटं मांडली. आतला माल सारखाच, रंगसुद्धा सारखे. एकावर हिरवी खूण, एकावर विटकरी, आणि एकाची पाठ कोरी.

"हे बिनखुणेचं कशाचं?"

"ते लोकल हाय."

"लोकल म्हंजी कशाचं?"

"लोकल म्हंजी... लोकलच की मावशी!"

"आन् मला ह्यातलं कंचं धाडलं?"

"आता काय सांगू! टेम्पोत भरताना पाठी बघतंय कोन?"

विटकरी खुणेचं पाकीट त्यानं फ्रीजमधून काढलेलं तिनं पाहिलं होतं. तिनं विचारलं, "हे गारठ्यात का ठिवलं?"

"उन्हात इरघळतंय ना. हिरव्या खुणेचं फळाच्या चिकाचं न्हाईतर समुद्राच्या शेवाळाचं असतंय, ते इतक्यानं हलत न्हाई. हे हाडाचं मातर पळतंय." मोठ्या ऐटीत सांगून झाल्यावर तो एकदम थांबला.

केशरबाईनं टॉवेल सोडला आणि माझ्या बुडाशी बसलेला तो गोळा बघितला. मग टॉवेल परत गुंडाळला. 

येताना एसटीत तिनं मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, ही आता घरी जाऊन बूड खरवडील आणि "हिरव्या खुणेचंच होतं" म्हणून सांगेल. कोण बघायला येणार होतं? मला माझ्या मालकिणीचाही संशय आला, खोटं कशाला बोलू! पण ती घरी गेलीच नाही. सरळ मनकर्णाच्या ओट्यावर गेली आणि मला तिथं ठेवलं.

"हाडाचंच हुतं, मनकर्णा. उन्हात इरघळलेलं हाय, हे बघ." मग जरा थांबून म्हणाली, "नकळत झालं गं. पांडुरंगाला कळतंय."

"पांडुरंगाला मधी आनू नको. दुकानात पांडुरंग बसत न्हाई, तू बसतीस."

केशरबाईनं मला उचलायला हात घातला.

"आन् ही बरनी फोड," मनकर्णा म्हणाली. "बाट लागलाय तिला."

माझ्या काचेत थंडी भरली.

"बरनीनं काय केलं गं? मातीची असती तर फोडली असती. पितळेची असती तर इस्तवात घातली असती. काचंला काय करायचं असतंय, सांग की तू."

मनकर्णा विचारात पडली. काचेचा बाट कसा काढायचा, हे तिच्या सासूनंही तिला सांगितलेलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "राखंनं घास. माझ्या डोळ्यांम्होरं."

केशरबाईनं मला तिथंच रितं केलं. राख आणि कोमट पाणी, परत राख आणि परत पाणी. मनकर्णा उभी राहून नुसती बोट दाखवत होती, "हितं ऱ्हायलं. हितंबी ऱ्हायलं." मी शेवटी चकचकीत झाले. पण मनकर्णा दुकानात आली नाही ती नाहीच.

मग केशरबाईची शोधाशोध सुरू झाली. जामखेडला लग्नाला गेली तरी दुकानात शिरून पाकिटं पालथी करायची. दुकानदार वैतागायचे. "मावशी, घ्यायचंय का नुसती पाठ बघायची?" "पाठ बघूनच घ्यायचंय," ही म्हणायची. असं करत हिरव्या खुणेचं, फळाच्या चिकाचं एक पाकीट सापडलं. त्यावरचं बारीक इंग्रजी तिनं दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतलं, आणि पहिल्यानं काय सांगितलं ते दुसऱ्याला कळू दिलं नाही.

गोळ्या माझ्यात आल्या. ह्या वेळी पाकीट बंबात गेलं नाही. त्याची पाठ कापून तिनं माझ्या आतल्या अंगाला लावली, खूण बाहेरून दिसेल अशी. मग मला उचलून दुकानाच्या पायरीवर ठेवलं, मनकर्णाच्या दारासमोर, आणि आत जाऊन बसली.

एक आठवडा गेला. मग मनकर्णा दिशाचा हात धरून रस्ता ओलांडून आली. मला उचललं. दोन्ही हातांनी.

"ही हिरवी खूण कुनी काढली? तूच काढली असशील."

"इतकं गोल मला काढता आलं असतं तर चौथीत नापास झाले असते का?"

मनकर्णाच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिनं तो लगेच आवरला. झाकण फिरवलं, एक गोळी काढली, वास घेतला, दोन बोटांत दाबून बघितली. दिशानं हात पुढं केला.

"थांब," मनकर्णा म्हणाली. "आधी मी. बाटले तर मी बाटंन."

माळेवर एक हात ठेवून तिनं गोळी तोंडात टाकली. सावकाश चावली. केशरबाई काउंटरची कड धरून तिच्या तोंडाकडं बघत राहिली. घोट उतरला.

"माझा अजून इस्वास न्हाई," मनकर्णा म्हणाली, आणि दुसरी गोळी दिशाच्या हातावर ठेवली. "मिठाचा पुडा दे एक."

मी अजून त्याच दुकानात आहे. नवीन पाकीट आलं की आतली पाठ बदलते. पण तुम्ही माझ्यात हात घालाल तेव्हा नुसती खूण बघून गप बसू नका. हे कशाचं आहे, मऊ कशानं झालंय, पाकीट कुठं आहे, सगळं विचारा. केशरबाई चिडेल. चिडू दे. तरी विचारा.