जांभळा पट्टा आणि ओली फट

मी एक जुनी समुद्री गोगलगाय आहे. वाहाका प्रांताच्या किनाऱ्यावर, लाटांचा मार खाणाऱ्या एका काळ्या खडकाच्या फटीत माझे घर आहे. इथले मिश्तेक लोक मला तिशिंदा म्हणतात.

मित्रांनो, दिसायला मी काही खास नाही. शंख खडबडीत, आणि चाल तर विचारूच नका! पण माझ्या अंगात पांढरे दूध आहे. ते सुतावर पडले, की आधी पिवळे, मग हिरवे आणि उन्हात जांभळे होते. कितीही धुवा, तो रंग जात नाही. समुद्राचा वासही जात नाही, पण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

फिदेन्सियो हा माझा रंगारी. ओहोटीला तो हाताला सुताची लड गुंडाळून येई. मला अलगद सोडवी, फुंकर घाली, दूध सुतावर घेई आणि पुन्हा ओल्या फटीत, सावलीत चिकटवी. मग महिनाभर मला हात लावत नसे. त्याने इतकी वर्षे माझे दूध घेतले, पण जिवाला कधी धक्का लावला नाही.

पुढे वाईट दिवस आले. परगावची माणसे पहारी घेऊन आली आणि आम्हाला खायला पोत्यात भरून घेऊन गेली. माझ्या फटीत आम्ही फक्त तिघी उरलो. मला फार एकटे वाटे.

त्याच वर्षी फिदेन्सियोबरोबर त्याची मुलगी निकोलासा आली. तिचे लग्न ठरले होते. लग्नात नेसायच्या वस्त्राला जांभळा पट्टा हवा होता, आणि लड जेमतेम अर्धी रंगली होती.

"बाबा, तुमच्या गुडघ्यांची कुरकुर लाटांपेक्षा मोठी ऐकू येतेय. तुम्ही बसा, मी करते."

"बसतो बाई. पण घाई नको. नवरा काही पळून जात नाही."

तिने माझे दूध घेतले आणि पुढच्या गोगलगायीच्या नादात ती मला वर कोरड्या खडकावर, उन्हात उताणी ठेवून गेली. माझे अंग आकसू लागले. एक खेकडा जवळ सरकला. मी फार घाबरले.

"आधीचीला कुठे ठेवलीस?" फिदेन्सियोने विचारले.

"वर... उन्हातच राहिली वाटतं."

"मग बघतेस काय? जा!"

"बाबा, भरती चढतेय. मागे फिरले तर लड अर्धीच राहील. पुढची मोठी ओहोटी लग्नानंतर आहे!"

"राहू दे. पट्टा बारीक होईल, एवढंच ना? ती मेली तर तुझ्या लेकीला रंग कोण देणार?"

निकोलासा धावत आली. तिने खेकड्याला हुसकले, ओंजळीने माझ्यावर पाणी घातले आणि मला फटीत ठेवले. "चुकले हं, आजी," ती म्हणाली. मला आजी म्हणणारी ती पहिलीच.

पट्टा बारीकच झाला. पुढच्या वर्षी तेच वस्त्र खोचून ती एकटी आली. पहारीवाल्यांना आता गावकरी किनाऱ्यावर फिरकू देत नाहीत. माझ्या फटीत नखाएवढी पिल्ले चिकटली होती.

"यांना नाही हात लावायचा," पोटातल्या बाळाला थोपटत ती म्हणाली. "तू मोठी हो, तोवर याही होतील."

मित्रांनो, आमचा रंग खुशाल घ्या, फक्त आम्हाला परत सावलीत ठेवा. निकोलासाने त्या दिवशी माझे दूध घेतले, मला ओल्या फटीत टेकवले, आणि मी खडक घट्ट धरेपर्यंत आपले बोट काढले नाही.