ठोक्याला ठोका

माझ्या लेकीला पहिलं बाळ झालं, त्या वर्षीची ही गोष्ट.

आई गेल्यावर आम्हा दोघा धाकट्यांना आक्कानं वाढवलं. त्या नादात तिचं लग्न राहूनच गेलं. म्हातारपणी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा ती माझ्याकडे आली. आमच्या खोलीला लागूनच भावाचं किल्ल्या बनवायचं दुकान, मधे एक भिंत. मी कामावर गेले की आक्कानं काठीनं भिंत ठोकायची. भावानं हातोडीनं उलट ठोकायचं, म्हणजे ऐकलं, येतो. आणि हातातलं टाकून यायचं, असं आमचं ठरलेलं.

"राणीसरकारांचा हुकूम आला," असं गिऱ्हाइकाला सांगून तो उठायचा. आक्का म्हणायची, "पाणी दे आधी. कुलपं काही पळून जात नाहीत, मेल्या."

लेकीकडे निघताना मी त्याला बजावलं, "भिंतीकडे कान ठेव."

"तुझी एकटीचीच बहीण आहे का ती? जा निवांत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. आक्का खाटेखाली फरशीवर पडलेली, लुगडं ओलं, काठी मुठीत. काठी लागून लागून भिंतीचा रंग उडाला होता. पलीकडे भावाचं मशीन घरघरत होतं.

मी हाक मारली तसा तो धावत आला. दोघांनी मिळून तिला उचललं.

"कधी पडलीस गं?"

"तू सकाळी डोकावून गेलास ना, त्यानंतर लगेच," आक्का त्याच्याकडे बघून म्हणाली.

"पण मी ठोकलं की," भाऊ म्हणाला. "दर वेळी ठोकलं. गिऱ्हाइकं होती, म्हटलं, पाणीबिणी हवं असेल, जाऊ जरा वेळानं."

"ठोकलंस म्हणूनच तर," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "खिडकीबाहेरून माणसं जात होती. हाक मारली असती तर कुणीही आत आलं असतं. पण घरचा माणूस येतोय म्हटल्यावर परक्यांना कशाला त्रास? सारखं वाटत होतं, आता कडी वाजेल."

भावानं मान खाली घातली. त्याला काही ऐकू आलंच नसतं तर फार बरं झालं असतं, असं मला वाटलं. तिनं हाक तरी मारली असती.

"आक्का, चुकलं माझं."

"असू दे. माझी खाट तेवढी त्या दुसऱ्या भिंतीला लाव."

खाट त्यानंच सरकवली. पुढे रोज सकाळी तो पलीकडून हलकेच ठोकायचा. आक्का काठीला हात लावायची नाही. तो आत आला की त्याच्याशी नीट बोलायची, दिलेलं पाणी प्यायची. मागायची मात्र माझ्याकडे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ती पुन्हा उठून बसली नाही. लेकीचं बाळ रांगायला लागलं, त्या महिन्यात, भर दुपारी आक्का गेली. मी जवळ होते. भाऊ भिंतीपलीकडे दुकानात होता.