दाढीवाल्या ज्याँ-लुईचं घराणं

बाबँ घराण्यातला पुरुष पंचविशीला पोचला की दाढी ठेवायचा. शोभते की नाही, हा प्रश्नच नसे. ओडेलच्या वडिलांना होती, आजोबांना होती, आणि तिचा धाकटा भाऊ विल्फ्रेड तर उन्हाळ्यात कोळंबीच्या बोटीवर घामाने निथळायचा, पण दाढी काढायचं नाव घ्यायचा नाही. टोकं तेवढी ओडेल कापून द्यायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि पोर्त-सिप्रे गावातल्या निम्म्या बायकांची डोकी तिच्या हाताखालून गेली होती.

दाढीला कारण होतं घराण्याचा मूळपुरुष. ज्याँ-लुई आ ला बार्ब. बार्ब म्हणजे दाढी, म्हणून दाढीवाला ज्याँ-लुई. बायूच्या, म्हणजे संथ खाडीच्या, मागच्या अंगाला, दलदलीच्या कडेला पहिलं घर त्याने बांधलं, एवढं पोराटोरांनाही माहीत होतं. त्याच्या अलीकडचं सगळं स्वच्छ दिसत होतं. पलीकडे नुसता अंधार.

हा अंधार वर्षातून एकदा चारचौघांत उघडा पडायचा. गावातल्या चर्चच्या अंगणात काळ्या दगडाची भिंत आहे. इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरची घरं जाळून ज्यांना जहाजांत कोंबलं आणि जे पुढे दारोदार फिरत लुइझियानात पोचले, त्या पहिल्या फ्रेंच बोलणाऱ्या अकेडियन माणसांची नावं तिच्यावर कोरली आहेत. ऑगस्टमध्ये मेरीच्या सणाला त्यांच्या वंशातलं एकेक केजन घराणं पुढे येतं, आपल्या माणसाच्या नावावर हात ठेवतं, आणि मग जेवणं होतात. भिंतीवर बाबँ होते, पण ते पुढच्या अंगाचे, ऊसवाले बाबँ. दलदलीकडचे बाबँ मागे उभे राहायचे आणि जेवणाला तेवढे पुढे व्हायचे.

ओडेल अडुसष्ट वर्षांची झाली त्या वसंतात तिच्या नातीने शाळेतून येऊन विचारलं, "आजी, आपण कुठल्या जहाजातून आलो?" ओडेलने कात्री खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती भिंतीच्या समितीचे प्रमुख आल्सीद कास्टिल यांच्या घरी गेली.

कास्टिल जुने शाळामास्तर. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाला टोक असायचं. त्यांनी तिला कॉफी दिली, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओडेल, मी काही तुमच्या वाईटावर नाही. तुमच्या ज्याँ-लुईचा बाप कोण, ते दाखव. बापाशिवाय मी त्या दगडाला छिन्नी लावू देणार नाही."

"आडनाव बाबँ आहे की आमचं."

"आडनावाचं काय घेऊन बसलीस. माझ्या कुत्र्यालासुद्धा सगळे कास्टिलच म्हणतात."

ओडेलने उरलेली कॉफी तशीच ठेवली आणि उठली. घरी येऊन तिने विल्फ्रेडला हे सांगितलं, तेव्हा तो जाळं शिवत बसला होता.

"सोड ना," तो म्हणाला. "इथे लोकांना जिवंत बाप सापडत नाहीत, तू सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा शोधायला निघालीस."

"तुला काही वाटत नाही?"

"वाटतं. पण जेवण चांगलं असतं तिथलं. ते बंद व्हायला नको."

ओडेल निघालीच. सोमवारी दुकान बंद असायचं, त्या दिवशी ती गाडी काढायची. कधी कोर्टाच्या कचेरीत, कधी आसपासच्या चर्चमध्ये. जिथे जाईल तिथे बाबँ आडनावाचे पुरुष शोधायचे आणि कुणाला ज्याँ-लुई नावाचा मुलगा होता का, ते बघायचं. प्येर होते, जोझेफ होते, अमाँ होते. एकाला ज्याँ-लुई झालाही होता, पण तो पाळण्यातच गेलेला. मे संपेपर्यंत ती हात हलवत परत येत राहिली. दुकानातल्या बायका आता विचारेनाशा झाल्या, आणि ते विचारण्यापेक्षा जास्त लागायचं.

जूनमध्ये एका दुपारी ती वृद्धाश्रमात नानानचे केस धुवायला गेली. नानान म्हणजे युझेली, ओडेलच्या वडिलांची शेंडेफळ बहीण आणि ओडेलची धर्ममाता. वय शहाण्णव. डोळे गेले होते, जीभ शाबूत होती. केसांतून कंगवा फिरायला लागला की म्हातारी बोलायला लागे.

"ही ला दोरिस आहे ना, कॉफी आणते ती, नुसतं गरम पाणी. ला मार्तने तरी काल चमचाभर साखर घातली. आणि ला ओडेलला आज महिन्याने आठवण झाली माझी."

"मागच्या आठवड्यात आले होते, नानान."

"मग महिना मोठा झाला असेल." मग तिने नेहमीचं सुरू केलं. ओडेल लहान असताना वेणी घालता घालता ती हेच म्हणायची, तिला झोप यायची तेही यानेच. मागच्या अंगाची माणसं एकमेकांना अशीच ओळखत. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा. "ओडेल आ युलिस, युलिस आ तेओद्युल, तेओद्युल आ वालसँ, वालसँ आ ज्याँ-लुई, ज्याँ-लुई आ ला बार्ब."

ओडेलचा कंगवा थांबला.

'आ' म्हणजे 'चा' किंवा 'ची'. ओडेल युलिसची, युलिस तेओद्युलचा. सगळी साखळी माणसांची होती. मग शेवटचीच कडी दाढीची कशी? आणि म्हातारी प्रत्येक बाईच्या नावाआधी 'ला' लावत होती. ला दोरिस. ला मार्त. ला ओडेल.

"नानान," ती सावकाश म्हणाली, "ज्याँ-लुईला दाढी होती का?"

"मला काय माहीत? मी बघितलाय का त्याला?"

"मग ला बार्ब कोण?"

"कोण म्हणजे? त्याची आई. बार्ब. माझ्या आजीने तिच्याबद्दल ऐकलं होतं. लहानपणी जहाजातून एकटी उतरली, मग नदीकडच्या जर्मनांनी नेली तिला, गाई राखायला."

ओडेल पलंगाच्या कडेवर बसली. "हे तू कधी सांगितलं नाहीस आम्हाला."

"रोजच तर सांगते. तुम्हाला वाटतं म्हातारी गाणं म्हणतेय. तुम्ही मला विचारता काय, तर सूप गरम आहे का."

ओडेलने तिचे केस पुसले, तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि थेट चर्चच्या अंगणात गाडी नेली. ऊन मी म्हणत होतं. भिंतीवर ती इतकी वर्षं फक्त पुरुषांची नावं वाचत आली होती. आज ती खालच्या ओळी बघायला गुडघ्यांवर बसली. अगदी तळाला, मेरीलँडहून आलेल्या जहाजाच्या यादीच्या शेवटी लिहिलं होतं: बार्ब बाबँ, वय नऊ, आईबाप नाहीत. आणि पुढे बारीकसा क्रॉस. ज्यांचा वंश पुढे चालला नाही त्यांच्या नावापुढे समितीने तो क्रॉस कोरला होता.

ओडेलचा हात पुढे झाला. पण तिने तो आवरला. ती स्वतःशीच म्हणाली, असा चोरून नाही.

पुढच्या सोमवारी ती मिसिसिपीकाठच्या जुन्या जर्मन वस्तीकडे गेली. तिथे आजवर ती कधी फिरकली नव्हती. अकेडियन माणसाला जर्मनांत कोण शोधणार? तिथल्या चर्चमध्ये एका बाईने तिला बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी काढून दिल्या. या वेळी ओडेल बाप शोधत नव्हती, आई शोधत होती. मजकूर फ्रेंचमध्ये होता आणि ओडेलला फ्रेंच वाचता येत नव्हतं. लहानपणी शाळेत घरची ही भाषा तोंडातून निघाली की कोपऱ्यात गुडघे टेकून बसावं लागे. लिहायवाचायला ती कोण शिकवणार? पण तिने बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने उच्चारलं, अडखळत, दुकानाची पाटी वाचणाऱ्या पोरासारखं. आणि स्वतःचा आवाज कानावर पडला तसा अर्थ कळत गेला. जणू नानानच बोलत होती.

ज्याँ-लुई, बार्ब बाबँ हिचा मुलगा, अकेडियन. बाप अज्ञात. धर्ममातापिता ट्रॉक्सलर नवराबायको, ज्यांच्या घरी ही राहते.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?" त्या बाईने विचारलं, कारण ओडेल रडत होती आणि हसतही होती.

"आमची आजी सापडली," ओडेल म्हणाली. "जर्मनांनी सांभाळून ठेवली होती."

त्या संध्याकाळी तिने विल्फ्रेडला सांगितलं. तो दाढी कुरवाळत बसला.

"म्हणजे बाईचं नाव होतं ते."

"हो."

"मग चाळीस वर्षं मी ही कुणासाठी वाढवली?"

"तिच्यासाठीच. दाढीपेक्षा दुसरं काहीतरी आवडलं असतं तिला, एवढंच." विल्फ्रेड इतका हसला की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

समितीची बैठक जुलैत झाली. ओडेलने नोंदीची प्रत कास्टिलांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"बाप नाही लिहिलेला," ते म्हणाले.

"नाही."

"मी बाप मागितला होता."

ओडेल उभी राहिली. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत याची तिला एरवी लाज वाटली असती. "मास्तर, नऊ वर्षांची मुलगी एकटी बोटीतून उतरली, हे तुम्हीच दगडावर कोरलंय. तेव्हा तिच्या बापाचं नाव मागितलं नाहीत. ती मोठी झाली, तिला मूल झालं, तिने ते वाढवलं, त्याला आपलं नाव दिलं. आडनाव आम्ही उचललेलं नाही. तिने दिलेलं आहे. तिची माणसं मागच्या अंगाला भरून राहिलीत आणि तुम्ही तिच्या नावापुढे क्रॉस कोरलात."

कास्टिल कागदाकडे बघत राहिले.

"तो क्रॉस मीच कोरायला सांगितला होता," ते अखेर म्हणाले. "वंश नाही म्हणून. मला कुणी सापडलं नाही, कारण मीही पोरांचे बापच शोधत होतो." ते उठले आणि तिच्यापुढे हात केला. "सोमवारी कारागीर येईल. आणि माझ्या कुत्र्याबद्दल बोललो, ते मागे घेतो."

"ते कुत्र्याला सांगा," ओडेल म्हणाली. "त्याला वाईट वाटलं असेल." सगळी खोली हसली, कास्टिल सगळ्यात मोठ्याने.

सणाच्या दिवशी दलदलीच्या कडेचे सगळे बाबँ आले. टेक्सासहून तेलाच्या विहिरींवर काम करणारे आले, ज्यांनी वीस वर्षं गावाचं तोंड बघितलं नव्हतं ते आले. नदीकडून दोन ट्रॉक्सलरही आले, वर्तमानपत्रात वाचून. त्यांनी बरोबर सॉसेजचा मोठा डबा आणला होता. कारागिराने क्रॉस घासून काढला होता आणि त्या जागी कोरलं होतं: ज्याँ-लुईची आई.

पाद्र्याने घराणी पुकारायला सुरुवात केली. पुढच्या अंगाचे बाबँ झाले, मग आणखी बरेच. शेवटी त्याने म्हटलं, "बार्ब बाबँची माणसं." मागे उभी असलेली सगळी गर्दीच चालायला लागली, आणि पुढच्यांना बाजूला सरून वाट द्यावी लागली.

नानानला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. नाव इतकं खाली होतं की विल्फ्रेडने तिला उचलून गवतावर बसवलं. तिने आंधळ्या बोटांनी दगड चाचपला, ब सापडला, आ सापडला, आणि सगळं नाव संपेपर्यंत बोट काढलं नाही. "नऊ वर्षांची," ती म्हणाली. "एवढीशी होती गं." मग ओडेलने हात ठेवला. दगड उन्हाने तापला होता. तिच्या हातावर नातीचा हात आला, त्यावर विल्फ्रेडचा, आणि ज्यांना दगड गाठता आला नाही त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा तो हात चर्चच्या फाटकापर्यंत पोचला. कुणीतरी अकॉर्डियन वाजवायला लागलं, पाद्र्याचं संपायच्या आधीच. त्याने वाजवू दिलं.

जेवणाला भात होता, भातमांस भरलेलं बुदँ होतं, क्रॉफिश झिंग्यांचा रस्सा होता, जर्मनांचं सॉसेज होतं. आल्सीद कास्टिल हातात ताट घेऊन गर्दीतून ओडेलपाशी आले.

"समितीच्या टेबलावर तुझ्यासाठी जागा ठेवली आहे," ते म्हणाले. "तिथे ये, सावली आहे."

ओडेलने आजूबाजूला बघितलं. तिची माणसं तीन टेबलं एकत्र जोडत होती आणि तरी पुरत नव्हती.

"मास्तर, तुम्हीच इकडे या," ती म्हणाली आणि बाकावर जरा सरकली. "आमच्यात जागा होते."