दोनशे पंधरावं पत्र

“थांब रे हर्षद! बनुबाईचा खण घेतलास काय?”

महरुन्निसाभाभींनी माझा माउसवरचा हातच धरला. त्यांचा कॉम्प्युटर फॉरमॅट करायला, म्हणजे पार पुसून नव्याने भरायला, मी महाडहून नाते गावी आलो होतो. व्हायरसने मशीन इतकं पोखरलं होतं की दुसरा इलाजच नव्हता. आधी सगळी ईमेल उतरवून घ्यायची, एवढीच भाभींची अट. ते मी इनबॉक्स पेनड्राइव्हवर घेऊन, माझ्या मते, चोख पार पाडलं होतं.

“भाभी, सगळी पत्रं इनबॉक्समध्येच असतात,” मी शहाणपणा शिकवला.

“तुज्याकडं असतील. माज्याकडं पत्र आलं की ज्याच्या त्याच्या खणात जातं.”

झालं होतं असं, की आजूबाजूच्या अकरा घरांतली माणसं आखातात आणि ईमेलचा पत्ता एकच, भाभींचा. पत्र आलं की त्या घरी जाऊन वाचून दाखवायचं आणि मग त्या घराच्या नावाच्या फोल्डरात ठेवायचं, असा त्यांचा नेम. माझी बाकीची गिऱ्हाइकं इनबॉक्समध्ये न धुतलेल्या कपड्यांचा ढीग लावतात. इथला इनबॉक्स मात्र रिकामा! मी मोठ्या ऐटीत रिकामी पेटी उतरवून घेतली होती आणि आता अकरा घरांची पत्रं पुसायला निघालो होतो. मला घामच फुटला.

उंबऱ्यावर बसलेल्या बनुबाईंचा चेहरा उतरला. त्यांचा एकुलता एक सोमा मस्कतला क्रेन चालवायचा.

“सोम्याची पत्रं गेली काय गो?”

“नाय गो, बनुबाय. हर्षद बघतोय ना.”

हर्षद बघत होता खरा, पण त्याला दिसत काही नव्हतं. शेवटी आउटलुक या ईमेलच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शिरून पत्रं ठेवायच्या जागेचा पत्ता काढला. तो भलताच लांबलचक, त्यात वाटेतला एक फोल्डर लपवलेला. तो दिसता केला आणि अकरा घरं ओळीने उभी राहिली. बारावं नाव झकेरियाभाईंचं, भाभींच्या नवऱ्याचं. मी अक्षरशः टाळी वाजवली. भाभींनी एकेक नाव आपल्या वहीतल्या यादीशी ताडून पाहिलं, तेव्हा कुठे मला पुढची परवानगी मिळाली.

सगळे खण पेनड्राइव्हवर घेऊन, मशीन पुसून, नव्याने भरून, पत्रं जागच्या जागी ठेवेपर्यंत अडीच वाजले.

“एखादं उघडून बघतो,” म्हणत मी बनुबाईंच्या नावावर गेलो.

“ए, दुसऱ्याचं पत्र हाय ते! तिला हवं तेव्हा मी वाचीन. माजं उघड.”

मी झकेरियाभाईंचा खण उघडला. दोनशे चौदा पत्रं. पहिल्यात एकच ओळ, ‘जेवलीस काय?’ दुसऱ्यात तेच. मधलं एक उघडलं, तर तिथेही तेच. मला हसू आवरेना.

“हसतोस काय? दोह्याला तीनशे मानसांचा सयपाक करतो तो. तीन वर्सं झाली, माज्या ताटात काय हाय ते त्याला दिसत नाय. मंग इचारनार नाय?”

मी हसणं आवरतं घेतलं. बनुबाई मात्र खुदकन हसल्या. त्यांना सोमाचं शेवटचं पत्र ऐकायचं होतं. मला ओटीवर पाठवून भाभींनी ते दोनदा वाचून दाखवलं.

मी आत आलो आणि फोनची तार जोडून इंटरनेट चालू केलं. कर्कश कुरकुर झाली आणि दोनशे पंधरावं पत्र आलं. काय होतं ते सांगायला नको.

“द्या उत्तर,” मी म्हणालो.

“आधी जेवू. खोटं नाय लिवायचं.”

भाभींनी तीन ताटं मांडली. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कोकमाची कढी आणि भात. सकाळपासून कोणाच्याच पोटात काही नव्हतं. मी दुसऱ्यांदा भात घेतला, निवांत कालवायला लागलो, आणि माझं लक्ष चालू असलेल्या कॉम्प्युटरकडे गेलं.

तिकडे दोह्याला एक माणूस उत्तरासाठी थांबला होता. मी भराभर जेवलो.