आडव्या ओकापाशी

"थांबा, थांबा! इथंच सांगता ना तुम्ही ते, मेलेल्या झाडाचं?" ग्राझिनाबाई आडव्या पडलेल्या ओकापाशी थांबल्या आणि मागच्या चार-पाच पर्यटकांनाही त्यांनी हात करून थांबवलं.

पुढं निघालेला बाझिली मागं वळला. ब्यावोव्येझाच्या या राखीव रानात वाटाड्याशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नाही, आणि बाझिली इथला जुना वाटाड्या. या ओकापाशी आला की त्याची टकळी सुरू व्हायची: इथं पडलेलं झाड कुणी उचलत नाही, त्याला आम्ही मेलेलंही म्हणत नाही, उभं होतं तेव्हापेक्षा जास्त जीव ते आता पोसतंय. ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे आणि हा पठ्ठ्या मनात दुपारच्या जेवणाचा विचार करत असायचा.

पण ते सगळं यूरेक होता तेव्हाचं. एकुलता एक मुलगा. राखीव रानाबाहेर, रस्त्याकडेची किडीनं वाळलेली झाडं पाडायचं काम करायचा. ईस्टरनंतर एका झाडाचा शेंडा मोडून त्याच्या डोक्यात आला. जागच्या जागी संपलं पोर.

त्यानंतर बाझिली आज पहिल्यांदा कामावर आला होता. "ती झाडं बघवणार आहेत का रे तुला?" सकाळी बायको, नीना, म्हणाली होती. "घर खायला उठतं गं," एवढंच तो बोलला. ओकापाशी तोंड मिटून पुढं सरकायचं, हे त्यानं येतानाच ठरवलं होतं.

"मागं आले तेव्हा आमचे हेन्रिक होते बरोबर," ग्राझिनाबाई सांगत होत्या. "हिवाळ्यात गेले हो. दफनाच्या वेळी मला काही सुचेना, तेव्हा तुमचंच बोलणं म्हणून दाखवलं सगळ्यांना. त्याच्यावरच तग धरून आहे बघा. म्हटलं, एकदा परत तुमच्या तोंडून ऐकावं."

साफ खोटं आहे ते बाई, झाडाचं झाडापुरतं, माणूस गेला की गेला! अगदी ओठांवर आलं होतं बाझिलीच्या. पण बाई पर्स छातीशी धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. मेली आशा कशी असते बघा, त्या बघण्यापुढं त्याचं काही चालेना.

त्यानं सगळं सांगितलं. शेवाळ दाखवलं, भुंग्यांची भोकं दाखवली, खोडावर उगवलेली स्प्रूसची रोपं दाखवली. मध्येच त्याचा आवाज फाटला. काय मन लावून सांगतो हा माणूस, असं लोकांना वाटलं.

"खरं ना हे?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"खरं."

परतीच्या वाटेवर बाई बऱ्याच मोकळ्या झाल्या होत्या. "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगा. रानातच कामाला आहे."

"अगं बाई! मग जिवाला घोर असेल."

"त्याच्या आईला आहे. तो घरी आल्याशिवाय ती जेवत नाही."

"एवढा मोठा झाला तरी?" बाई हसल्या. "अजून?"

"अजून," बाझिली म्हणाला, आणि फाटक धरून सगळे बाहेर पडेपर्यंत उभा राहिला.